आता कातडीचंही जिनिंग?

जत्रेतले 'म्हातारीचे केस' खाल्लेत ना? आमच्या अकोल्यात त्यांना 'बुढ्ढी के बाल' म्हणतात. साखर वितळते, चाक गरगरतं आणि बघता बघता गुलाबी धाग्यांचा पुंजका तयार! आता साखरेच्या जागी पॉलिमरचं द्रावण आणि चाकाच्या जागी वीज आहे अशी कल्पना करा. या प्रकाराला म्हणतात इलेक्ट्रोस्पिनिंग. त्यातून निघतं जखम भरायला मदत करणारं कापड!

भानगड काय आहे ही?

सिरिंजमध्ये द्रावण भरायचं आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा करंट जोडायचा. टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो, त्यातून बारीक धार सुटते. समोरच्या धातूच्या पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर द्रावक उडून जातं आणि उरतो फक्त धागा. जाडी? काहीशे नॅनोमीटर. आपल्या कापसाचा तंतू साधारण १५ हजार नॅनोमीटर जाड असतो. करा हिशेब!

आयडिया तशी जुनी. अमेरिकेत तिची पेटंट्स १९०२ सालचीच आहेत. पण ती खऱ्या अर्थाने पुन्हा चर्चेत आली १९९५ च्या सुमारास, अ‍ॅक्रन विद्यापीठातल्या जयेश दोशी आणि डॅरेल रेनेकर यांच्या कामामुळे. २००२ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका टीमने अशा जाळीवर माणसाच्या पेशी वाढवून दाखवल्या.

पेशींना ही जाळी का आवडते? कारण आपल्या कातडीखालचे कोलॅजनचे तंतू जवळपास याच मापाचे असतात. पेशींना वाटतं, घरीच आलो! हे म्हणजे लग्नाच्या मांडवासारखं. कार्य पार पडेपर्यंत आधार द्यायचा आणि मग निघून जायचं. पेशी आपलं ऊतक उभं करतात, तोवर पॉलिमर हळूहळू विरघळून जातं.

मामांचा प्रश्न

माझे मामा अमरावतीचे, सगळी नोकरी जिनिंग फॅक्टरीत झालेली. डायबिटीस जुना, आणि गेले काही महिने तळपायावर एक जखम, जी भरायचं नावच घेत नाही. पुण्यात क्युबिकलमध्ये बसून मी त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "काहून रे बाप्पा, आता कातडीबी जिनिंगात निंगते काय?"

निंगते, मामा! अमेरिकेत 'रेस्ट्राटा' नावाची अशी जाळी २०१७ पासून मान्यताप्राप्त आहे, डायबिटीसच्या जखमांसाठीसुद्धा. आणि बनते कशापासून? सर्जन वापरतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीच्या पॉलिमरपासून. इस्राएलचं 'स्पिनकेअर' तर हातात मावणारं यंत्र. भाजलेल्या जागेवर धरायचं आणि तिथल्या तिथे धाग्यांचा थर मारायचा. एकदम साय-फाय!

पण जरा थांबा...

२०११-१२ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकिआरिनी या सर्जनने तिघांना प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. त्यात नॅनोधाग्यांची नळीही होती. वर रुग्णाच्याच पेशी पेरलेल्या. जगभर टाळ्या पडल्या. पुढे तिघंही दगावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकिआरिनीला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

वऱ्हाडात हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. जमिनीत ओल नसताना पेरलं तर काय होतं, हे कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. बियाणं कितीही भारी असो, दुबार पेरणी ठरलेली! शरीरात ओल म्हणजे रक्तपुरवठा. कातडीची जखम उथळ असते, खालून रक्त मिळू शकतं, म्हणून तिथे ही जाळी कामाची. अख्खा अवयव उभा करणं अजून फार लांब आहे.

कापूस आपला, धागा कुणाचा?

नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुभाष कोंडावार यांच्या गटाने इलेक्ट्रोस्पिनिंगवर काम केलंय, मात्र वीजवाहक पॉलिमरवर. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था नॅनोसेल्युलोज बनवते. ते तंत्र वेगळं आहे, पण त्यासाठी कापूसही चालतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. तिथे शर्टाच्या कापडाबरोबर उद्या जखमेचं कापडही निघालं तर? स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत!

तोवर एवढंच करा. घरातल्या डायबिटीसवाल्यांचे तळवे रोज बघा. जखम असेल तर शुगर ताब्यात, पायावर भार नाही, ड्रेसिंग वेळेवर, आणि पायातलं रक्ताभिसरण डॉक्टरांकडून तपासून घ्या. कुणी 'नॅनो' म्हणून महागडं काही गळ्यात मारायला आलं, तर एकच प्रश्न विचारा... ओल आहे का?