वर्ध्याच्या उन्हाळ्यातला जुना फ्रीज

वैशाखात वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, आणि ज्या ऋतूत शीतकपाटाची गरज पराकोटीला पोहोचते त्याच ऋतूत ते यंत्र आपल्या सामर्थ्याच्या सीमेवर उभे असते. कारण पेटीतली उष्णता मागच्या जाळीवाटे बाहेर टाकायची, आणि भोवतालची हवाच तापलेली असली म्हणजे ती जाळी निवणार कशी? साहजिकच जुन्या फ्रीजच्या तक्रारी दुरुस्तीच्या दुकानात दाखल होतात त्या उन्हाळ्यात, आणि बहुधा मालकाने घरीच केलेल्या निदानासह: ‘गॅस गेला असेल.’ हे निदान पुष्कळदा चुकीचे असते; ते का, हे कळण्यासाठी आधी या यंत्राची घडण पाहिली पाहिजे.

देशी बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेज कंपनीने 1958 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने तयार केला. याच जनरल इलेक्ट्रिकने 1927 साली ‘मॉनिटर टॉप’ या नमुन्याद्वारे मोटर व पंप एकाच पोलादी कवचात हवाबंद करण्याची पद्धत सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरात नेली होती. गोदरेज, ऑल्विन, केल्व्हिनेटर या नावांचे जे जुने एकदारी फ्रीज आजही कुठेकुठे टिकून आहेत, त्यांची रचना याच परंपरेतली: जाड पत्र्याची पेटी, भिंतींत भरलेली काचलोकर, पाठीला काळी जाळी, तळाशी कॉम्प्रेसर आणि त्याच्या कुशीला बाहेरून बसवलेला, मोटर सुरू करून देणारा रिले. हे ‘बाहेरून’ फार महत्त्वाचे आहे. बिघडणारे बहुतेक भाग कवचाच्या बाहेर असल्यामुळे तपासाची पहिली फेरी नळ्यांना हात न लावता पुरी करता येते.

जाणता कारागीर प्रथम ऐकतो. कॉम्प्रेसर क्षणभर घुमून ‘टक्’ असा आवाज करीत बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच करतो, तेव्हा दोष गॅसचा नसून विजेच्या दाबाचा, रिलेचा किंवा मोटरच्या वेटोळ्यांचा असतो. उन्हाळ्यात कूलर आणि कृषिपंप एकदम चालू झाले की वीज मंदावते व जुनी मोटर उचल खात नाही. मग कारागीर रिले उपसून काढतो. कवचावर तीन पिना दिसतात: सामाईक, चालू आणि प्रारंभ. मीटर लावल्यावर सामाईक व चालू यांच्यातला रोध सर्वांत कमी, सामाईक व प्रारंभ यांच्यातला त्याहून अधिक, आणि उरलेल्या दोहोंमधला या दोन्हींच्या बेरजेइतका भरला पाहिजे; 4, 16 आणि 20 ओहम असा हिशेब जुळला व कोणतीही पिन पत्र्याशी जोडलेली आढळली नाही, की वेटोळी शाबूत असल्याचा दाखला मिळाला. अशा वेळी केवळ रिले बदलून यंत्र पुन्हा चालू लागते, आणि ज्याला ‘कॉम्प्रेसर उडाला’ म्हणून सांगण्यात आले होते त्या मालकाचा मोठा खर्च वाचतो.

आवाज सुरळीत असून थंडावा नसेल तर फ्रीजरवरचे हिम बोलते. नळी जिथे फ्रीजरमध्ये शिरते तेवढ्याच कोपऱ्यात हिम धरत असेल तर गॅस खरोखर कमी झालेला आहे; हिम धरून वितळते, पुन्हा धरते, असे चालले असेल तर केसासारख्या बारीक नळीच्या तोंडाशी आत शिरलेल्या ओलाव्याचा बर्फ अडकतो आहे, आणि त्या जागी गरम कापड धरताच सूं असा आवाज होऊन प्रवाह मोकळा होतो. याउलट हिम चहूकडे जाड साचले असेल तर दाराच्या रबराकडे पाहावे: कागदाचा कपटा दारात धरून ओढला असता तो विनासायास निसटला, की बाहेरची हवा आत येते आहे असे समजावे. मागच्या जाळीची झाडलोट तर प्रत्येकाने आधी करावी. कापसाच्या या मुलखात जाळीवर धुळीत मिसळलेला तंतूंचा थर बसतो आणि निरोगी यंत्र आजारी भासते.

गॅस बदलण्याची वेळ आलीच, तर मात्र सावध राहिले पाहिजे. जुन्या फ्रीजमधला आर-12 हा वायू ओझोनच्या थराचा घात करतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारान्वये हद्दपार झाला, आणि भारतातही त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आर-134ए भरण्याचा मोह अनाठायी आहे, कारण जुन्या कॉम्प्रेसरातल्या खनिज तेलाशी त्याचे जमत नाही. तेल फ्रीजरमध्येच साचून पंप कोरडा पडतो. प्रोपेन व आयसोब्युटेन यांचे मिश्रण त्या तेलाशी जुळते आणि वजनाने निम्म्याहूनही कमी लागते, परंतु ते ज्वालाग्राही असल्यामुळे पेटीतल्या दिव्याचा खटका व थर्मोस्टॅट यांची ठिणगी पडणार नाही अशी तजवीज न करता ते भरणे म्हणजे घरात संकट ठेवणे होय. फिल्टर बदलणे, व्हॅक्यूम पंपाने ओलावा उपसणे आणि गॅस तोलून भरणे या तीन गोष्टी टाळणाऱ्याकडे काम देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्त करता येईल असे यंत्र हवे, ही अपेक्षा जुनीच आहे. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे इनाम जाहीर केले, तेव्हा अटींमध्ये असे होते की यंत्र किमान 20 वर्षे चालावे, झिजलेले भाग बदलता यावेत आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावा. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालयातले चरखे पाहताना त्या अटींची थोरवी मनाला भिडते, कारण यंत्राची परीक्षा ते विकले जाते त्या दिवशी नव्हे, तर ते बिघडते त्या दिवशी होते, हे त्या अटी घालणाऱ्यांनी ओळखले होते. जुने एकदारी फ्रीज या कसोटीच्या पुष्कळ जवळ येतात.

तरी सर्वच जुने फ्रीज वाचवण्याजोगे नसतात. काचलोकर भिजून पेटीच्या बाहेरील पत्र्याला घाम येऊ लागला, किंवा आतला पत्रा गंजून नळ्या सडल्या, तर ते यंत्र वीज फार खाईल व थंडावा कमी देईल. ते निकालात काढणेच श्रेयस्कर. पण पेटी कोरडी आणि वेटोळी शाबूत असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जाळी झाडा, दाराचे रबर पाहा, आणि रिले तपासून देणारा कारागीर गाठा.