व्हिनेगर आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

दुधात लिंबू पिळले की दूध नासते, हे मुलांना ठाऊक असते. आम्लामुळे दुधातील प्रथिने साकळतात. जवळपास याच गुणधर्मावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक तपासणी आधारलेली आहे.

एचपीव्ही विषाणूच्या काही प्रकारांची लागण दीर्घकाळ टिकली, तर गर्भाशयमुखाच्या पेशी बिघडू लागतात. त्यांचे केंद्रक मोठे होते, त्यात प्रथिने दाटतात. अशा जागी सुमारे चार टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावले तर मिनिटभरात पांढरा डाग उमटतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघाडापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा अधिक जातात; तोवर डाग सापडला तर ती जागा गोठवून नष्ट करता येते. पॅप चाचणीचा नमुना मात्र प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. घोटावड्यासारख्या गावातली बाई निकालासाठी पुन्हा रोजगार बुडवून येईल का? व्हिनेगरचा निकाल जागच्या जागी मिळतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये हे पडताळले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. अर्ध्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी देऊ केली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उरलेल्या अर्ध्या स्त्रियांना फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. यावर कडक टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातला अनुभव मात्र वेगळा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने तेथे खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते. तीन गटांसाठी तीन वेगळ्या चाचण्या, त्याही एकदाच. २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू, व्हिनेगरच्या गटात ५६, विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४. गट साधारण सारख्याच आकाराचे होते. ६४ आणि ५६ मधला फरक योगायोगाचाही असू शकतो, ३४ चा नव्हे.

असे का व्हावे? डाग ओळखणे नजरेवर अवलंबून. साध्या दाहानेही जागा पांढरी दिसते; उतारवयात तर बिघाडाची जागा आत सरकते, दिसतच नाही. विषाणूची चाचणी नजरेवर विसंबत नाही, आणि नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिलाच पहिली पसंती दिली. अडचण खर्चाची व प्रयोगशाळेची. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी व्हिनेगरचीच तपासणी सांगितली आहे. मुंबईत ती दर दोन वर्षांनी होती. सूचनांत दर पाच वर्षांनी.