खिडकी बदलताय? एक मिनिट थांबा!

‘ताई, पावसायात रंधा मारते काय कोनी?’

मिस्त्रीकाकांनी विचारलं आणि माझा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण रंधा मारणारी मीच होते!

झालं असं, की गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अकोल्याच्या घरी आईच्या खोलीतली खिडकी फुगून बसली. लागेचना. मी अमरावतीहून वीकेंडला गेले होते. दोन व्हिडिओ बघितले आणि कडा तासून टाकली. खिडकी एकदम मस्त लागली, मी खूश! पण यंदा मे महिन्यात तेच लाकूड वाळून आक्रसलं आणि बोट जाईल एवढी फट पडली. पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि गरम झळा नि धूळ थेट आईच्या पलंगावर.

पुण्याहून दादाचा फोन, ‘काढून टाक त्या खिडक्या, स्लायडिंग लावू.’ कॉन्ट्रॅक्टर माप घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘जुन्या खिडक्या आम्हीच नेऊ, फुकट.’ तिथे माझी ट्यूब पेटली. आबांनी परतवाड्याहून आणलेलं सागवान कुणी उगाच कशाला नेईल? दादाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

माझ्या अमरावतीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्लायडिंगच आहे. वाळवीचं टेन्शन नाही, कबूल. पण दोन ट्रॅकची स्लायडिंग उघडते फक्त अर्धी. कूलरची हवा खोलीत आली की तिला बाहेर जायलाही वाट लागते, नाहीतर नुसती चिकचिक. आणि भर दुपारी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावून बघा!

खरा व्हिलन कोण?

काकांनी पेचकसने चौकट टोचून पाहिली. वरचं लाकूड ठणठणीत. खालच्या पट्टीत मात्र पेचकस भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत. कारण? कूलर! चार महिने खिडकीला चिकटून ठिबकणारा. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचा आपला भाग, आमच्या बोअरचं पाणीही खारट. स्क्रू नि बिजागऱ्या गंजून गेलेल्या.

मग ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपून लाकूड नीट सुकल्यावर, काम काढलं. तेव्हा ते ना फुगलेलं असतं, ना पार आक्रसलेलं. काकांनी कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला आणि जुन्या सागवानाचा तुकडा रेषेला रेष जुळवून वॉटरप्रूफ गोंदाने बसवला. मी तासलेल्या कडेलाही तशीच पट्टी लागली. नवे स्क्रू पितळेचे.

काचेची लांबी माझ्याकडे होती. खडूची पावडर आणि जवसाचं तेल मळून केलेली, अगदी कणकेसारखी. आधी खाचेला तेलाचा हात द्यायचा, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि ती तडकते. एक-दोन आठवड्यांनी वरची साय धरली की मग रंग. रंग काचेवर दोनेक मिलिमीटर चढू द्यायचा, म्हणजे पाण्याची वाट बंद.

तुमच्यासाठी टिप्स

* रंध्याची घाई नको. पावसाळ्यात अडणारी खिडकी दिवाळीपर्यंत बघा, बहुतेकदा आपोआप सैल होते.
* जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. ओला पॉलिश पेपर आणि मास्क वापरा. मुलांना लांब ठेवा.
* तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.
* झडपेची खालची कड आणि लाकडाची कापलेली टोकं आधी रंगवा. सगळ्यात जास्त पाणी तीच पितात.
* कूलर चौकटीपासून चार बोटं लांब, स्वतःच्या स्टँडवर.

दिवाळीला दादा काही आला नाही. आईने त्याला फोन लावला, बोलली काहीच नाही. फोन खिडकीपाशी धरला आणि झडप ओढली. टक्!

मेमध्ये खरी परीक्षा आहेच. पण कॉन्ट्रॅक्टरला ‘नको’ सांगणारा फोन दादानेच केला.