खळ्यातलं लिस्टर

कलेच्या इतिहासात बऱ्हाणपूरजवळच्या फोपनारचं नाव येतं ते गावात सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्तींमुळे. त्यांतल्या काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. लोखंडाच्या वाट्याला असा मान येत नाही. केळीच्या या पट्ट्यात, बऱ्हाणपूरकडे असो की रावेरकडे, एखाद्या खळ्यात कडब्याआड जुनं डिझेल इंजिन अजून सापडतं. भंगारवाला त्याचा भाव करून जातो आणि घरातलं म्हातारं माणूस ‘राहू द्या’ म्हणतं.

या इंजिनांचा मूळ नमुना इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा, १९३० च्या आसपासचा. एकच उभा सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड चाकं, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे आणि ताकद पाच-सहा अश्वशक्तीची. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला काढल्या. साताऱ्याचं कूपर आणि पुण्याचं किर्लोस्कर हीसुद्धा शेतकऱ्याच्या ओळखीची नावं. पण नाव कोणतंही असो, गावात त्याला ‘इंजिन’च म्हणायचे.

त्याचं खरं मोठेपण मंद चालीत आहे. फेरे कमी, म्हणून झीज कमी. क्रँककेसला बाजूनं झाकण असतं, ते काढलं की बेअरिंगपर्यंत हात पोचतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा तेल उडवतो, त्यामुळे तेलाच्या पंपाची कटकट नाही. इंजिन दुरुस्त कोण करणार, हे ठरवूनच ते बांधलं असावं, असं मला वाटतं.

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन जागं करायला घाई चालत नाही. बहुतेक वेळा पिस्टन गंजून लायनरला धरलेला असतो. हेड उतरवायचं, वरून डिझेल आणि रॉकेल ओतायचं आणि काही दिवस तसंच सोडायचं. मग चाक थोडं पुढे, थोडं मागे हलवत राहायचं. वैतागून घण घातला तर पिस्टन फुटतो. पाण्याच्या वाटेत क्षाराचा थर बसलेला असतो, कारण इंजिनावर चालणाऱ्या पंपानं उपसलेलं विहिरीचंच थोडं पाणी वळवून इंजिन थंड ठेवलं जायचं. तो थर खरवडावा लागतो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे, रिंगा बदलायच्या, नोझल तपासून घ्यायचं. रंग शेवटी, आणि नाही दिला तरी चालतं. नुसतं रंगवून फाटकाशी मांडलेलं इंजिन पाहिलं की मला त्याची कीव येते.

पण ही इंजिनं बंद पडली ती झिजल्यामुळे नाही. साधा सेंट्रिफ्यूगल पंप सात-आठ मीटरपेक्षा खालचं पाणी ओढू शकत नाही. ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेचा दाबच पाणी वर ढकलतो आणि त्या दाबाला मर्यादा आहे. पाणी खाली गेलं तसा पंप विहिरीत उतरला, कधी त्याच्याबरोबर इंजिनही. इंजिनाच्या धुरानं विहिरीत माणसं गुदमरून मेल्याच्याही घटना आहेत. केळीला पाणी भरपूर लागतं. ट्यूबवेल खोल गेल्या, वीज आली, पाण्यात बुडून चालणारी मोटर आली. इंजिनाला कामच उरलं नाही.

आता दुरुस्त केलेल्या इंजिनाला पट्टा चढवून कडबाकुट्टी चालवता येते, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत हे काम छोटं नसतं. चालवायची रीत मात्र जुनीच. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल मारायचं, चाकानं वेग धरला की खटका सोडायचा. हँडल धरताना अंगठा चारी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं. अंगठ्यानं विळखा घातला असेल तर मनगट जातं.