एकाच निगेटिव्हचे तीन रंग

लग्नाच्या जुन्या निगेटिव्हवरून आज एक प्रिंट काढली, तर त्यात नववधूचा शालू डाळिंबी दिसतो. सहा महिन्यांनी भावंडांसाठी आणखी प्रती मागवल्या, तर तोच शालू विटकरी होतो. दुसऱ्या लॅबमध्ये गेल्यास त्यावर जांभळी झाक येते. निगेटिव्ह मात्र एकच असते. असे का व्हावे, हा प्रश्न 'वन-ट्वेंटी' रोल वापरणाऱ्यांना आणि घरात अशा निगेटिव्ह जपून ठेवणाऱ्यांना हमखास पडतो.

हा रोल कोडॅकने १९०१ साली आपल्या 'ब्राउनी क्रमांक २' या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणला. कागदी पाठीचा, सुमारे ६ सेंटीमीटर रुंदीचा हा रोल आजही तयार होतो. बडोद्यात बनलेला 'आग्फा क्लिक-३' हा साधा कॅमेरा एके काळी असंख्य मध्यमवर्गीय घरांत होता, तर 'याशिका मॅट' आणि 'रोलायफ्लेक्स' स्टुडिओवाल्यांकडे दिसत. या कॅमेऱ्यांत एका रोलवर १२ चौकोनी छायाचित्रे निघतात. प्रत्येक निगेटिव्हचा प्रत्यक्ष आकार सुमारे ५६ बाय ५६ मिलिमीटर असतो, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळात साडेतीन पटींहून अधिक. त्यामुळे तपशील भरपूर मिळतो. अडचण येते ती प्रिंट काढताना.

रंगीत निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात आणि त्यांवर नारिंगी थर असतो. शालूचा मूळ रंग कोणता, हे केवळ निगेटिव्ह पाहून सांगता येत नाही. पारदर्शिका असेल तर ती प्रकाशात धरून प्रिंटशी ताडता येते. निगेटिव्हच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून लॅबमधील यंत्र एका गृहीतकावर चालते : सर्वसाधारण दृश्यातील सारे रंग एकत्र मिसळले तर राखाडी छटा येते. बाग, रस्ता, माणसांचा घोळका अशा दृश्यांत हे गृहीतक बहुधा खरे ठरते. मात्र लाल शालूतील नववधूने चौकट व्यापली, की यंत्राला लाल रंग 'जास्त' वाटतो. ते तो कमी करू पाहते आणि चेहरा निस्तेज, हिरवट-निळसर होतो. काळ्या पडद्यापुढील व्यक्तीचा चेहरा पांढराफटक पडतो, तर पांढऱ्या भिंतीपुढचा काळवंडतो. अलीकडची यंत्रे अधिक हुशारीने हिशेब करतात, तरीही दर वेळी तो नव्याने करतात. एकाच प्रकाशात टिपलेल्या लागोपाठच्या दोन फ्रेमही म्हणूनच वेगळ्या येऊ शकतात.

दुसरे कारण रसायनांचे. रंगीत निगेटिव्ह धुण्याची 'सी-४१' ही पद्धत अत्यंत काटेकोर आहे. डेव्हलपरचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सियस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद ठरलेली असते. तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही रंग बिघडवू शकतो. ज्या लॅबमध्ये रोज पुरेसे काम येते, तिथे रसायने ताजी राहतात. चाचणी-पट्टी धुऊन यंत्र नियमित तपासणारी लॅब निवडणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. रोल धुताना राहिलेला दोष पुढे प्रिंटमध्ये पूर्णपणे सुधारता येत नाही.

तिसरी अडचण चौकोनाची. लॅबचा नेहमीचा आकार ४ बाय ६ इंच. चौकोनी निगेटिव्ह त्यात बसवली, तर एकतृतीयांश भाग कापला जातो. त्यात कुणाचे पाय जातात, तर कडेला उभी असलेली आत्याच नाहीशी होते! ५ बाय ५ किंवा ८ बाय ८ इंच अशी प्रिंट स्पष्टपणे मागावी आणि 'पूर्ण फ्रेम, काटछाट नको' असे पाकिटावर लिहून द्यावे.

प्रिंट सारख्या याव्यात यासाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे पसंत पडलेली एक प्रिंट. ती 'नमुना' म्हणून उन्हापासून दूर जपावी आणि प्रत्येक मागणीसोबत द्यावी. 'रंग चांगला हवा' या सूचनेला ऑपरेटरच्या लेखी अर्थ नसतो. 'या प्रिंटशी जुळवा' ही सूचना त्याला नेमकी कळते. अनेक यंत्रे प्रिंटच्या पाठीमागे रंग व घनतेतील दुरुस्तीचे आकडे छापतात. तेही नोंदवून ठेवावेत. मात्र ते त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर उपयोगी पडतात, हे ध्यानात ठेवावे. भिंतीवर शेजारी लावायच्या प्रिंट एकाच दिवशी, एकाच कागदावर काढून घ्याव्यात. नवे छायाचित्रण करणाऱ्याने प्रकाश बदलला की एका फ्रेममध्ये राखाडी कार्ड टिपावे. बारापैकी एक फ्रेम खर्ची पडते. पण त्या प्रकाशातील उरलेल्या फ्रेमचे रंग जुळवण्यासाठी ऑपरेटरला खात्रीचा आधार मिळतो.

आज आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. निगेटिव्ह एकदाच उत्तम प्रकारे स्कॅन करून, रंग जुळवून ती फाइल जपून ठेवायची. २४०० डीपीआयने स्कॅन केल्यास ५६ मिलिमीटरच्या बाजूचे सुमारे ५३०० पिक्सेल होतात. ३०० डीपीआयच्या हिशेबाने १७ इंचांपर्यंत चौकोनी प्रिंट मिळते. फाइल देताना मात्र 'स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवा' असे बजावायला हवे. अन्यथा यंत्र जुळवलेले रंग पुन्हा आपल्या मर्जीने बदलते. आधी लहान प्रिंट काढून पाहावी, मगच मोठी मागवावी.

कृष्णधवल निगेटिव्हचा मुद्दा वेगळा. ती रंगीत कागदावर छापली, तर हिरवट किंवा तपकिरी झाक येण्याचा संभव असतो. महत्त्वाचे छायाचित्र असेल तर कृष्णधवल कागदावर प्रिंट काढणारा जाणकार गाठावा.

जुन्या रंगीत निगेटिव्हमधील रंगद्रव्ये मात्र काळाच्या ओघात विटत जातात, तीही कमीअधिक वेगाने. उत्तम लॅबही गेलेला रंग पूर्णपणे परत आणू शकत नाही. ज्या घरांत अशा निगेटिव्ह आहेत, त्यांनी त्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात आणि स्कॅनिंगचे काम लांबणीवर टाकू नये. शालू नेमका कोणत्या रंगाचा होता, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच रंग जुळवून घेणे शहाणपणाचे.