एल्मायराचं गुऱ्हाळ



टोरांटोहून पश्चिमेला दीडेक तास ड्राइव्ह केलं की वॉटर्लू येतं. पोटापाण्यासाठी मी तिथलाच, म्हणजे कोड लिहिणारा. पण आज लिहितोय ते वॉटर्लूच्या वेशीबाहेर सुरू होणाऱ्या वुलिच टाउनशिपबद्दल. टाउनशिप म्हणजे काय, असं भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. मी सांगतो, मोठी ग्रुप ग्रामपंचायत समजा. एल्मायरा, सेंट जेकब्ज, कोनेस्टोगो, फ्लोराडेल, मेरीहिल अशी अनेक गावं, सगळ्यांची मिळून एक कौन्सिल, आणि कचेरी एल्मायराला. २०२१ च्या जनगणनेत सगळ्यांची लोकसंख्या मिळून सुमारे २७,००० भरली. आपल्याकडे एवढी एखाद्या तालुक्याच्या गावाची असते!

पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं ठरलेली. सेंट जेकब्जचा शेतकरी बाजार (मुख्य इमारत २०१३ साली जळाली, २०१५ मध्ये पुन्हा उभी राहिली), आणि वेस्ट मोंट्रोजचा १८८१ चा लाकडी छपराचा पूल. आँटॅरिओत अशा जातीचा हा एकच उरलाय. आणि रस्त्याच्या कडेने टपटप जाणाऱ्या काळ्या घोडागाड्या. या जुन्या वळणाच्या मेनोनाइट लोकांच्या. मोटार नाही, टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही. (एक विनंती, त्यांचे फोटो काढू नका. त्यांना ते आवडत नाही.)

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. अण्णांची सगळी हयात कोल्हापूरकडे उसात गेली. पूल त्यांनी पाच मिनिटांत उरकला. मग एल्मायराजवळ एका मेनोनाइट शेतकऱ्याकडे मेपल सिरप बनवताना बघायला घेऊन गेलो. लाकडी खोपटात शिरलो, आत वाफच वाफ, खाली लाकडांचा जाळ, वर रुंद कढईत रस उकळतोय. अण्णा दारातच थांबले आणि म्हणाले, "अरे, हे तर गुऱ्हाळ!"

मग त्यांना आवरणं कठीण. रस कधी येतो? रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर तापमान असलं की, म्हणजे साधारण मार्च ते एप्रिलची सुरुवात. किती रसाचं किती? चाळीस लिटरचं जेमतेम एक लिटर. अण्णांनी कपाळाला हात लावला, मग एक चमचा चाखून म्हणाले, "काकवीच्या जवळ जातंय, पण पातळ."

मी दुभाषा. शेतकरी इंग्रजीत सांगणार, मी मराठीत, अण्णांचे प्रश्न परत इंग्रजीत. मजा येत होती. मध्येच शेतकऱ्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा लाकडं घेऊन आला आणि बापलेक तिसऱ्याच भाषेत बोलू लागले. अण्णांनी विचारलं, ही कुठली? शेतकरी म्हणाला, आमची घरची, पेनसिल्व्हेनिया जर्मन. त्याचे पूर्वज १८०० नंतर पेनसिल्व्हेनियातून इकडे आले, आणि तिथे जाऊनही त्यांना तोवर बऱ्याच पिढ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात माझी सात वर्षांची मुलगी अण्णांना काहीतरी सांगायला आली, इंग्रजीत. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा भाषांतर केलं. शेतकरी काही बोलला नाही, पण त्याच्या लक्षात आलं असणार. शेतकरी आणि अण्णा यांच्यात दुभाषा लागतो हे ठीक आहे हो. आजोबा आणि नात यांच्यात?

घरी येताना विचार करत होतो. शेजारचं किचनर शहर १९१६ पर्यंत बर्लिन नावाचं होतं. तिथेही जर्मन बोलणारेच होते, पण पहिल्या महायुद्धात नाव गेलं, पुढे शहराची भाषाही गेली. वीस मिनिटांवरच्या शेतांत मात्र ती टिकली. कारण तिथे ती फक्त प्रार्थनेची भाषा नाही. लाकडं आण, घोड्याला पाणी दाखव, हे तिच्यातच होतं. आम्ही मराठी ठेवलीय ती गणपतीला आणि रविवारच्या शाळेला. रोजची सगळी कामं इंग्रजीकडे.

आता याची किंमतही बघा. त्यांची मुलं साधारण चौदाव्या वर्षी शाळा सोडून शेतावर येतात. ते मला जमणार नाही, आणि तुम्हालाही नाही. म्हणून त्यांचं सगळं उचला असं म्हणत नाही. एकच गोष्ट उचलली. भाषेला काहीतरी काम द्यायचं.

अण्णा परत गेल्यावर मुलीला काम दिलं, मार्च आला की रोज आजोबांना फोनवर हवामान सांगायचं. पहिल्या वर्षी "उणे" हा शब्द शिकवावा लागला. गेल्या मार्चमध्ये मी किचनमधून ऐकलं, "आजोबा, रात्री उणे पाच, उद्या दुपारी अधिक चार. उद्या रस येणार!" तिकडून अण्णा म्हणाले, "मग चुलीला जाळ घाला म्हणावं."

मध्ये दुभाषा नव्हता.

तुमच्याकडे मुलांना मराठीत कुठलं काम आहे? जरूर लिहा.