तबकडी खपली, कंपनी गेली

बँकेत कर्जविभागात असताना एक छापखानेवाले माझ्याकडे आले. वह्यांची कधी नव्हे एवढी मोठी ऑर्डर मिळाली होती. कागद रोखीने घ्यायचा, विक्रीचे पैसे तीन महिन्यांनी. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. तारण अपुरे, म्हणून मी नाही म्हटले. नियमाप्रमाणेच.

अलीकडे 'ब्लू नोट' या न्यूयॉर्कच्या जाझ रेकॉर्ड कंपनीचा इतिहास वाचताना ते गृहस्थ पुन्हा समोर येऊन बसले.

डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस यांचा पियानो ऐकून मूळ बर्लिनचा आल्फ्रेड लायन झपाटला. दोनच आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्याने दोघांचे ध्वनिमुद्रण केले. पैसे मॅक्स मार्ग्युलिस या मित्राचे. वर्षअखेरीस लायनचा जुना दोस्त, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ, नाझी जर्मनीतून निसटून आला आणि कंपनीत सामील झाला.

हिशेबाच्या दृष्टीने दोघेही वेडेच! वादकांना तालमीचेसुद्धा पैसे देत. १९४७ मध्ये त्यांनी थेलोनियस मंक या पियानोवादकाला हाताशी धरले. तबकड्या खपेनात, तरी १९५२ पर्यंत त्याचे ध्वनिमुद्रण करीत राहिले. मंकचे मोठेपण जगाला पुढे कळले. १९५३ पासून ध्वनिमुद्रण करू लागला रूडी व्हॅन गेल्डर. हा दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढी आणि हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात माइक मांडी. त्या खोलीतला आवाज आजही कानाजवळ वाटतो.

मग १९६४ मध्ये ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' धडाक्याने खपली. मागोमाग होरेस सिल्व्हरची 'साँग फॉर माय फादर'. आता चांगले दिवस यावेत ना? पण तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला पैसे आधी मोजायचे, वितरकांकडून ते सावकाश यायचे. शिवाय वितरकांना पुढचीही तशीच खपणारी हवी. १९६५ मध्ये लायनने कंपनी 'लिबर्टी'ला विकली आणि १९६७ मध्ये प्रकृतीमुळे तो बाहेर पडला. वुल्फ १९७१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

१९८५ मध्ये नव्या मालकांनी 'ब्लू नोट' पुन्हा उभी केली. त्या निमित्ताने न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मैफल झाली, तिला म्हातारा लायन हजर होता.

आमच्या छापखानेवाल्यांनी ऑर्डर सोडली नाही. सावकाराकडून कागदाचे पैसे उचलले, वह्या वेळेवर दिल्या. पुढच्या वर्षी यंत्रे विकली. त्यानंतरही ते शाखेत येत, पासबुक भरून घ्यायला. मला नमस्कार करीत.